संदर्भ क्रमांक बारा

३ जानेवारी

एक गोष्ट सांगायला एकशे चौदा जणांचे दाखले कशाला लागतात? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. दोन पदव्या घेऊनही देता येत नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर कबूल केलेलं बरं.

प्रश्न दादाचा आहे. काल त्यानं विचारलं, "तू त्या सरांकडे नक्की करतेस तरी काय?" मी सांगितलं, सरांचा शोधनिबंध एका मोठ्या नियतकालिकाकडे जाणार आहे, त्याच्या शेवटी एकशे चौदा संदर्भांची यादी आहे, ती त्यांच्या पद्धतीप्रमाणे लावायची. आधी आडनाव, मग आद्याक्षर, कंसात साल, लेखाचं नाव सरळ, नियतकालिकाचं तिरकं, खंड ठळक, मग पानं, मग पूर्णविराम. दादानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "आई, ऐकलंस का? पाच वर्षं शिकून पूर्णविराम."

दादा बाबांबरोबर कुलूप-किल्लीच्या दुकानात बसतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे माझं काम कुणाशी बोलावं असं घरात कुणी नाही. म्हणून ही वही. ज्ञानाच्या इमारतीत माझी पहिली वीट बसते आहे, तिची कुठेतरी नोंद हवी.

आणि विषयही असा की, जवळून बघण्याचं काम आणि डोळे. आई बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काजं करते आहे. एवढ्या मोठ्या विद्यापीठात मी नेमकं याच सरांचं दार वाजवलं, ते उगाच नाही.

६ जानेवारी

नियतकालिकाच्या 'लेखकांसाठी सूचना' सेहेचाळीस पानांच्या आहेत. सरांचा लेख अठ्ठावीस पानांचा. स्वल्पविरामानंतर किती जागा सोडायची यावर स्वतंत्र परिच्छेद आहे. लेख खरा असावा, यावर मला अजून काही सापडलेलं नाही. तो पुढच्या पानांत असेल.

तीनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्याचं नाव द्यायचं आणि बाकीच्यांना 'आणि इतर' म्हणायचं. एका संदर्भात एकोणीस लेखक होते. त्यातले अठरा मी आज दुपारी दोन शब्दांत मिटवले.

सरांची यादी वीस वर्षांत गोळा झालेली आहे आणि तशीच दिसते. सात वेगवेगळ्या पद्धती, चार वेगवेगळे फॉन्ट. सत्तेचाळिसाव्या संदर्भापुढे 'साल बघणे' असं लिहिलंय. शहात्तराव्यापुढे नुसतं 'तो निळा अंक'. सर म्हणाले, "तुला कळेल गं, तू हुशार आहेस." इतका विश्वास टाकणारे मार्गदर्शक हल्ली मिळत नाहीत.

ऋणनिर्देशात माझं नाव येणार आहे. आणि मार्च संपायच्या आत पीएच.डी.च्या प्रवेशासाठी शिफारसपत्र. सरांचं पत्र असलं की समिती दुसरा कागद उघडत नाही म्हणतात.

९ जानेवारी

संदर्भ लावायचं एक सॉफ्टवेअर असतं. त्यात यादी ओतली की ते सगळं आपोआप ओळीत लावतं. आज ओतली.

कामगार आरोग्य मंडळ या सरकारी मंडळाचा एक जुना अहवाल आमच्या यादीत बाराव्या क्रमांकावर आहे. सॉफ्टवेअरला तो माणूस वाटला. त्यानं आडनाव पुढे घेतलं आणि बाकीची आद्याक्षरं केली: मंडळ, का. आ. मी हसत हसत दुरुस्त केलं.

मग बाकीचे लेख उघडून पाहिले, तर हसू थांबलं. आमच्या यादीतल्या अकरा लेखांनी याच अहवालाचा दाखला दिलाय आणि त्यातल्या सहांमध्ये 'मंडळ, का. आ.' तसेच बसलेले आहेत. एका लेखात 'मंडळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिल्याप्रमाणे' असं आहे. तीन वर्षांपूर्वीच्या लेखात तर ते 'दिवंगत मंडळ' झालेत. सहा जणांच्या नजरेखालून एक अख्खं सरकारी खातं माणूस होऊन गेलं आणि वारलंही. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मागे कोण कोण आहे बिचाऱ्याच्या?"

आईला हल्ली मला कामाला लावायची हौस आली आहे. सुईत दोरा मी ओवायचा, पुडीवरची तारीख मी वाचायची. मी आता मोठ्या कामात आहे, हे तिला कोण सांगणार.

१२ जानेवारी

जेवताना आईला आमच्या लेखाचं पहिलं वाक्य वाचून दाखवलं: 'जवळून बघण्याचे काम सलग चार तास केल्याने दृष्टीवर परिणाम होत नाही, हे सिद्ध झालेले आहे (१२).' तो कंसातला बारा माझा, मी लावलेला.

आई म्हणाली, "हे तर आमच्या पाटीवर आहे."

"कसल्या पाटीवर?"

"कारखान्यात. हजेरीच्या मशीनवर लावलीय. शास्त्रीय संशोधनानुसार चार तास सलग काम सुरक्षित आहे, त्याआधी कुणी उठू नये. पाच-सात वर्षं झाली. त्याआधी मधे चहाला उठता यायचं. कुणा शहाण्यानं शोधून काढलंय म्हणे."

मला खरंच भरून आलं. आमचे लेख कुणी वाचत नाहीत असं जो तो म्हणतो, आणि इथे हजेरीच्या मशीनवर संशोधन लागलंय. विद्या समाजापर्यंत पोचते ती अशी. आईला म्हटलं, "तो शहाणा म्हणजे आमचा बारावा संदर्भ." आईनं ताटातली भाजी बोटांनी चाचपली आणि मग घास घेतला. थकलेली असते.

१९ जानेवारी

सूचना क्रमांक नऊ पूर्णांक सात: अहवालाचं प्रकाशनस्थळ आणि एकूण पानं दिलीच पाहिजेत. बाराव्याची ही माहिती कुणाकडेच नाही. अकराही जण पान ६३ म्हणतात आणि पुढे जातात. कोणी कुणाकडून घेतलं याचा माग काढत मागे गेले. नववा सातव्याकडून, सातवा चौथ्याकडून, असं करत शेवटी सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका लेखापाशी पोचले. तो याच नियतकालिकात आलेला आहे आणि तो सरांचा आहे.

अभिमान वाटला. पंचवीस-सव्वीस वर्षं सगळं शास्त्र सरांच्या एका ओळीवरून चालतंय.

बाबांना सांगितलं. ते किल्लीला कानस मारत होते, मान वर न करता म्हणाले, "किल्लीवरून किल्ली, तिच्यावरून आणखी एक, असं करत गेलं की पाचवी आत जाते पण फिरत नाही. मी गिऱ्हाइकाला सांगतो, पहिली आण." बाबांना जगातली प्रत्येक गोष्ट किल्लीसारखीच दिसते.

तरी उद्या ग्रंथालयात विचारेन. नऊ पूर्णांक सातसाठी.

२३ जानेवारी

ग्रंथपाल बाईंनी तळघरातल्या कपाटातून अहवाल काढून दिला. फुंकर मारली आणि म्हणाल्या, "या बाळाला बाहेरची हवा लागायची म्हणजे नवलच." मागच्या पानावर पुस्तक नेल्याच्या नोंदींची चिठ्ठी असते. त्यावर आजवर एकच नोंद: सरांची सही, सव्वीस वर्षांपूर्वीची, नेल्याचा आणि परत केल्याचा दिवस एकच. एका दिवसात वाचून परत. याला म्हणतात झपाटा.

मी पान ६३ काढायला गेले. अहवाल एक्केचाळीस पानांचा आहे.

बाईंना विचारलं, मागची पानं गळलीत का? त्यांनी शिवण बघितली, शेवटच्या पानावरचा मुद्रकाचा शिक्का बघितला. "बाई गं, हे एवढंच आहे. तुझं त्रेसष्टावं पान अजून लिहायचंय कुणीतरी."

मग मी तिथेच बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पान छत्तीस. अठरा कामगार, चार आठवडे. सगळ्यांना दर तासाला दहा मिनिटं विश्रांती, डोळे मिटून. अशा रीतीनं चार तास काम करून दृष्टीवर परिणाम आढळला नाही. पुढचं वाक्य मी जसंच्या तसं उतरवून घेतलं: 'विश्रांतीशिवाय काय होईल, हे या पाहणीत तपासलेले नाही.'

सरांना किती आनंद होईल. सव्वीस वर्षांची चूक त्यांच्याच लेखात, त्यांच्याच हातून सुधारायची संधी. असं किती जणांच्या वाट्याला येतं?

२५ जानेवारी

सरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. खिडकी बंद होत नाही, तरी तीही ओढून पाहिली.

"कुठे मिळाला हा?"

"तळघरात, सर."

"बस. चहा सांगू?" गेल्या पाच महिन्यांत पहिल्यांदा विचारलं.

मी छत्तिसावं पान दाखवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि त्या पानाकडे न बघता म्हणाले, "त्या काळी हातानं टिपणं काढायचो आम्ही. होतं असं कधी."

"मग पहिलं वाक्य बदलू का सर?"

"पहिलं बदललं की दुसरं बदलावं लागेल. अगं, सगळा लेख त्याच्यावर उभा आहे. पुढच्या लेखात बघू त्याचं." मग म्हणाले, "तू फार बारकाईनं काम केलंस. तुला ऋणनिर्देशात टाकणं म्हणजे अन्याय होईल. तिसरी लेखिका म्हणून घालू तुझं नाव."

तिसरी लेखिका. ती दोन ओळींची चूक दाखवली एवढ्यावर. मोठ्या मनाची माणसं पुस्तकात वाचली होती, आज समोर बसून पाहिली.

२६ जानेवारी

घरी दिवाणखान्यात, म्हणजे एकुलत्या एका खोलीच्या पलंगाकडच्या अर्ध्या भागात, जाहीर केलं. बाबांनी लगेच दुकानाच्या भिंतीवरची जागा ठरवली. तिथे आता वेगवेगळ्या आकारांच्या कड्या टांगल्यात, त्या हलवणार.

दादा म्हणाला, "काय केलंस म्हणून घातलं नाव?"

"चूक शोधली."

"मग चूक काढली?"

"चूक पुढच्या लेखात काढणार आहेत. या लेखात माझं नाव घालणार आहेत."

दादा बाबांकडे वळला. "बाबा, आपणही असंच करू. गिऱ्हाईक आलं, म्हणालं किल्ली लागत नाही, की किल्ली तशीच ठेवायची आणि त्याचं नाव आपल्या पाटीवर लिहायचं."

बाबा हसले नाहीत. मीही नाही. दादाला जळायला काही कारण नको.

८ फेब्रुवारी

यादी पूर्ण. 'तो निळा अंक' सापडला, तो हिरवा होता. बारावा सोडून बाकीचे एकशे तेरा संदर्भ मी स्वतः उघडून मजकुराशी जुळवले. बाराव्यापुढे सरांच्या सांगण्यावरून पान ६३ तसंच ठेवलंय, आणि एकूण पानांच्या जागी ४१. सूचना नऊ पूर्णांक सात पाळली गेली. एक्केचाळीस पानांच्या अहवालाचं त्रेसष्टावं पान, दोन्ही आकडे शेजारी शेजारी, आणि मध्ये स्वल्पविराम अगदी बरोबर.

पहिलं पान छापून घरी आणलं. लेखाचं नाव, खाली तीन नावं, खाली विभागाचा पत्ता. बाबांनी दोन्ही हातांनी धरलं, दुकानात दाखवून आणलं, मग आईला दिलं. आई सातवीपर्यंत शिकलेली आहे, पेपर रोज वाचायची. तिनं कागद नाकाशी नेला, मग लांब धरला, मग त्यावरून हात फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "छान छापलंय हो तुझं नाव."

बोट विभागाच्या पिनकोडवर होतं.

मी म्हणाले, "आई, जरा वर." तिनं बोट वर सरकवलं. ते सरांच्या नावावर गेलं, तिथून कागदाच्या बाहेर.

पुडीवरची तारीख. सुईतला दोरा. चाचपलेली भाजी. रोज वाचायची ती पेपर कधीपासून वाचत नाही, हे मला आठवेना. मी डोळ्यांवरच्या एकशे तेरा लेखांत मान घालून बसले होते.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई."

"आठ महिने झाले मला काजांवरून काढून घड्यांवर बसवलंय. काजं तिरकी जायला लागली. घड्या हातानं कळतात, त्याला बघायला लागत नाही."

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला, तुला? तू डॉक्टर होणारेस ती दुसऱ्या प्रकारची."

मग मी तिला अहवालात काय आहे ते सांगितलं. दर तासाला दहा मिनिटं.

"दहा मिनिटं? बसून?"

"डोळे मिटून. तसंच लिहिलंय."

आई चक्क हसली. "कोण होते गं ते अठरा जण? एकदा भेटायला हवं."

११ फेब्रुवारी

दादानं दुकान बंद ठेवून आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. एका डोळ्यात मोतिबिंदू, तो निघेल. बाकीचं का झालं, ते डॉक्टर नक्की सांगत नाहीत. वय आहे, उजेड कमी असेल, काम आहे.

कामामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही. त्याला पुरावा नाही. कामामुळे होत नाही असंही कुणी म्हणू शकत नाही, त्यालाही नाही. तपासलेलं नाही. एवढं एक वाक्य खरं आहे, ते छत्तिसाव्या पानावर आहे, आणि त्या पानाचा दाखला सव्वीस वर्षांत कुणी दिलेला नाही.

१५ फेब्रुवारी

आज लेख पाठवायचा दिवस. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर मी एकेक रकाना भरत गेले, सर मागे उभे. शेवटी एक चौकोन आला: 'सर्व संदर्भ मूळ स्वरूपात पाहिले असून ते मजकुराशी जुळतात.' त्यावर खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

मी थांबले. "सर, बारावा जुळत नाही."

"तो चौकोन सगळेच करतात गं."

"मी आत्ताही वाक्य बदलून देते, सर. दोन तासांचं काम आहे. 'दर तासाला विश्रांती घेऊन' एवढे चारच शब्द घालायचे."

"ते चार शब्द घातले तर लेखात उरतं काय?"

हे त्यांनी इतक्या सहज विचारलं की मला वाटलं, आता तेच उत्तर देतील. त्यांनी माझ्या हातातला माऊस घेतला, खूण केली आणि लेख पाठवला. एकशे चौदा संदर्भांची पडताळणी, एक सेकंद. मला दीड महिना लागला होता. याला म्हणतात झपाटा.

जाताना म्हणाले, "शिफारसपत्र सोमवारी घेऊन जा. मी मनापासून लिहिलंय."

१६ फेब्रुवारी

दिवसभर काही केलं नाही. बाबांनी भिंतीवरच्या कड्या काढून ठेवल्यात. तिथे आता चार खिळे आणि रंगाचा एक स्वच्छ चौकोन आहे.

लेखावरून नाव काढून घेतलं तर सरांचं पत्र घेता येणार नाही, आणि त्या पत्राशिवाय यंदा प्रवेश नाही. पुढच्या वर्षी मिळेलच असंही नाही, समितीत तेच असतात. हे सगळं बाबांना सांगितलं. वाटलं होतं, समजावतील. ते म्हणाले, "नाव काढलंस तर छापून येणार नाही ना?"

"नाही."

"मग भिंत रंगवूनच घेतो. नाहीतरी पोपडे आलेत." आणि बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. मला ते समजावणं जास्त सोपं गेलं असतं.

१८ फेब्रुवारी

सर अकराला येतात. मी नऊलाच जाऊन बसले होते.

ते आले, पिशवी ठेवली, खणातून पाकीट काढून माझ्यापुढे केलं. "हे घे. समितीला मी फोनही करतो."

"सर, ते राहू द्या. आणि लेखावरचं माझं नाव काढावं, असं मी नियतकालिकाला कळवलंय."

"बस जरा. तू अजून लहान आहेस. एका ओळीसाठी कुणी असं करत नाही."

"त्या ओळीची पाटी झालीय, सर. माझी आई त्या पाटीखाली हजेरी लावते."

सर हळू आवाजात म्हणाले, "नाव काढलंस, ठीक आहे. तुझी इच्छा. बाकी कुणाला काही लिहू बिहू नकोस. एका विद्यार्थिनीचं पत्र ते छापतात असं वाटतं का तुला?"

"माहीत नाही, सर. दोनशे दहा शब्दांचं आहे. तुमच्या सव्वीस वर्षांपूर्वीच्या लेखात पान ६३ दिलंय आणि अहवालात ते पानच नाही, एवढं लिहिलंय. छत्तिसाव्या पानाचा फोटो जोडलाय. तुमच्याविषयी वेडंवाकडं काही नाही. त्या काळी हातानं टिपणं काढायचे, हेही घातलंय."

"पाठवणार आहेस?"

"सकाळी साडेनऊला गेलं. तुम्हालाही प्रत आहे, तुम्ही अजून मेल उघडली नसेल."

सरांनी संगणक सुरू केला. मी त्यांचं वाचून होईपर्यंत टेबलासमोर उभी राहिले.